द्राक्षघडांची मीठ-मिरीची जोडी: कपाटात शोभते, टेबलावर छळते

नाशिकची आठवण म्हणून भेटवस्तूंच्या दुकानांत चिनी मातीच्या शेकरची, म्हणजे मीठ-मिरी भुरभुरायच्या भोकांच्या डब्यांची, ही जोडी मिळते. हिरवा घड मिठाचा, काळा मिरपुडीचा. किंमत साडेतीनशेच्या आसपास. शेकर जमवणाऱ्यांनी जरूर घ्यावी; रोजच्या जेवणात वापरायची असेल तर आधी थोडी डागडुजी लागेल.

आकार मात्र झकास. घड एकमेकांना टेकवले की मधली पानं जुळून एकच वेल दिसते. अशा बिलगणाऱ्या जोड्यांत सगळी कसोटी सांध्याची. माती भट्टीत आकसते, जरा वाकतेही. वेगळ्या खेपांतले दोन घड एकाच खोक्यात आले की फट राहते. काउंटरच्या काचेवर ठेवून बोटाने ढकलून बघा. डुगडुगली तर दुसरी जोडी मागा.

हिरवा-काळा रंग झिलईखाली आहे, म्हणून पक्का. देठाचा तपकिरी आणि सोनेरी रेघ मात्र वरून मारलेली, न भाजलेली. ओला पांढरा रुमाल चोळला की रंग रुमालावर येतो (दुकानदारासमोर नको). त्यामुळे भिजत घालणं, घासणी, सगळं बंद.

भोकं दोन्हीत पाच-पाच, दोन-दोन मिलिमीटरची. बारीक आयोडीनयुक्त मिठाचा दाणा अर्ध्या मिलिमीटरहून लहान, त्यामुळे एका झटक्यात ऑम्लेट खारट. तीन भोकं मधमाशीच्या मेणाने बुजवा. खलात कुटलेली मिरी अडकते. चहाच्या गाळणीने चाळून भरा. भोकं मोजून मीठ कुठलं, मिरी कुठली हे ओळखायला जाऊ नका, देशोदेशी रीत वेगळी.

बूच पातळ प्लास्टिकचं, सैल. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून निमुळता कॉर्क आणा आणि पॉलिश पेपरने बेताने घासून बसवा. जोराने दाबला तर तळाला तडा जातो.

आणि पावसाळा! हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मीठ पाणी धरतं, आणि आषाढ-श्रावणात ते रोजचंच. आठ-दहा भाजलेले तांदूळ टाका. अमेरिकेत 1911 मध्ये मॉर्टन कंपनीने मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट घातलं, तेव्हापासून ओल्या हवेतही सुटं राहणारं मीठ मिळू लागलं आणि शेकर घरोघरी रुळले. या घडांचा आतला भाग कोरा आहे, झिलई नाही. खारं पाणी मातीत मुरतं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि बाहेरच्या झिलईचा टवका उडवतात. म्हणून संग्रहातल्या जोडीत मीठ अजिबात ठेवू नये.

तळाला शिक्का नाही, ही संग्राहकाला सगळ्यात खटकणारी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही जपानी जोड्यांवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ (दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या जपानात बनवलेलं) असतं. तो ताबा 1952 मध्ये संपला, त्यावरून माल 1952 पर्यंतचा हे कळतं. इथे खरेदीचं वर्ष आणि दुकान पेन्सिलने चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी गुंडाळून आत सोडा.