स्टँडमधून बघितलेली ज्युनिअर वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स, टाम्पेरे 2018

माझी मावसबहीण अमेरिकेत असते, ओरेगनच्या जवळच. तिने परवा विचारलं, ताई 2026 ला आमच्याकडे, ओरेगनमधल्या युजीनला ज्युनिअर वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स आहे म्हणे, पोरांना घेऊन जाऊ का, पैसे वसूल होतील का, एकही नाव ओळखीचं नाहीये. तिला व्हॉइस मेसेज करायला बसले, सात मिनिटं झाली तरी संपेना, मग म्हटलं सरळ लिहूनच काढते, अजून कोणाला जायचं असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

तर आम्ही 2018 ला फिनलंडमध्ये टाम्पेरेला राहत होतो, नवऱ्याची नोकरी तिथे होती. आणि त्याच गावात 10 ते 15 जुलै या सहा दिवसांत ही स्पर्धा झाली. तेव्हा तिचं नाव आयएएएफ वर्ल्ड यू ट्वेंटी (वीस वर्षांखालच्यांची) चॅम्पियनशिप्स होतं, आता वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नावाने होते, लोक अजूनही वर्ल्ड ज्युनिअरच म्हणतात. दोन वर्षांतून एकदा होते आणि त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला ज्यांचं वय 16 ते 19 असेल त्यांनाच धावता येतं. म्हणजे कुठलाही खेळाडू एकदा, फार तर दोनदा इथे दिसणार, नंतर मोठ्यांच्यात गेला. आम्ही दोन संध्याकाळी आणि एक सकाळ एवढं बघितलं, मी, नवरा आणि तेव्हा अकरा वर्षांची असलेली आमची मुलगी.

आधी स्टेडियमबद्दल. रातिना स्टेडियम अगदी गावात आहे, रेल्वे स्टेशनवरून पायी चालत जाता येतं, बसस्टँड तर लागूनच, आणि मागे पुह्यायार्वी तलावाचं पाणी. कारच्या पार्किंगसाठी तासभर फिरलोय असा प्रकार नाही. बालेवाडीला 2008 ची कॉमनवेल्थ यूथ गेम्स बघायला गेले होते तेव्हा परत घरी यायला रिक्षा मिळेपर्यंत जीव गेला होता, ते आठवलं. इथे रेस संपली की दहा मिनिटांत तलावाच्या काठाने घराकडे चालायला लागायचं आणि जुलैमध्ये तिकडे रात्री साडेदहालाही उजेड असतो, त्यामुळे मुलीला घेऊन उशिरा परतताना काहीच वाटलं नाही.

एक सांगून ठेवते, छप्पर बघून सीट घ्या. आम्ही मुद्दाम शेवटचं वळण संपतं तिथली जागा घेतली, वर काही नव्हतं, आणि त्या जुलैत फिनलंडमध्ये उष्णतेची लाट होती. फिनलंडमध्ये काय ऊन लागणार म्हणून टोपी घरी ठेवली होती, दुसऱ्याच दिवशी मुलीचं नाक सोललं. टोपी, पाण्याची बाटली आणि संध्याकाळसाठी एक पातळ जॅकेट एवढं घ्याच. पाण्याचा तिकडे प्रश्न नाही, नळाचं पाणी थेट प्यायचं, बाटली भरत राहायची.

खाण्याचं सांगायचं तर टाम्पेरेची खासियत म्हणजे मुस्तामाक्कारा, रक्त घालून केलेलं काळं सॉसेज, लिंगनबेरीच्या जॅमबरोबर खातात. नवऱ्याने आवडीने खाल्लं, मी शाकाहारी. पण माझी सोय बाजारात झाली. जुलैमध्ये तिकडे स्ट्रॉबेरी आणि मटारच्या शेंगा लिटरच्या मापाने विकतात, आणि फिनिश लोक कच्चे मटार अगदी आपल्यासारखे शेंगा सोलत सोलत खातात, स्टँडमध्ये आमच्या शेजारचे आजोबाही तेच करत होते. आम्ही पण दोन पिशव्या घेऊन गेलो. पोटभर जेवायचं असेल तर मात्र घरून पोळीभाजीचा रोल न्यावा हे माझं ठाम मत आहे, कारण मधे उठून रांगेत उभं राहिलात की नेमकी तीच फायनल चुकते. एका स्टॉलवर मी कॉफीसाठी वीस मिनिटं उभी होते आणि तेवढ्यात दोन हीट्स, म्हणजे प्राथमिक फेरीच्या शर्यती, होऊन गेल्या, बाहेरून नुसता आवाज ऐकला.

पहिल्यांदा जाणाऱ्याला गोंधळायला होतं हे खरं. एकाच वेळी ट्रॅकवर हर्डल्स म्हणजे अडथळ्यांची शर्यत, आत भालाफेक, कोपऱ्यात उंच उडी, मधेच सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायला लागतं आणि आपल्याला कळतच नाही कुठे बघायचं. टीव्हीवर आपल्याला कोणीतरी निवडून दाखवत असतं, इथे आपलं आपल्याला निवडावं लागतं. त्यासाठी आदल्या रात्री टाइमटेबल आणि स्टार्ट लिस्ट (कोण कशात धावणार त्याची यादी) बघून घ्यायची, तीन-चार इव्हेंट ठरवायच्या आणि बाकीचं जे दिसेल ते बोनस. आकडे वाचताना अजून एक लक्षात ठेवा, या वयात मुलांचा गोळा 6 किलोचा असतो, मोठ्यांचा 7.26, थाळी पावणेदोन किलोची आणि 110 मीटरचे हर्डल्सही थोडे बुटके. भाला मात्र मोठ्यांचाच, 800 ग्रॅमचा. म्हणूनच आपल्या नीरज चोप्राने 2016 ला याच स्पर्धेत, पोलंडमध्ये बिडगोश्चला, 86.48 मीटर फेकला तेव्हा सगळे हादरले होते, तो ज्युनिअरचा विश्वविक्रम होता आणि त्या फेकीत वयाची काही सवलत नव्हती.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. गुरुवार, 12 जुलै, मुलींच्या 400 मीटरची फायनल.

मी स्वतः शाळेत 400 मीटर धावायचे. साताऱ्याला, मातीच्या ट्रॅकवर, चुन्याच्या रेघा, जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नाही पण धावले मनापासून. त्यामुळे 400 काय असते ते पायांना माहिती आहे. पहिले 200 छान वाटतात, 300 ला कोणीतरी मांड्यांत शिसं ओततं, आणि शेवटच्या 100 मध्ये तुम्ही वेग वाढवत नसताच, फक्त इतरांपेक्षा कमी मंदावता. आणि बघणाऱ्याची अडचण ही की प्रत्येकीची सुरुवात वेगवेगळ्या जागेवरून, त्यामुळे शेवटचं वळण संपून सगळ्या सरळ रेषेत येईपर्यंत पुढे नेमकं कोण आहे ते कळत नाही. म्हणूनच मी ती उन्हातली जागा घेतली होती.

हिमा दासचं नाव मला एप्रिलपासून माहिती होतं, गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थमध्ये ती 400 च्या फायनलला सहावी आली होती, 51.32 सेकंद. आसामच्या नगाव जिल्ह्यातल्या ढिंगजवळची, भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी, आधी मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. टाम्पेरेत हीटमध्ये 52.25, सेमीत 52.10, दोन्ही वेळा सगळ्यात पुढे राहून आली होती, म्हणजे कागदावर तीच फेव्हरिट. पण भारताने जागतिक पातळीवर ट्रॅकवर, म्हणजे धावण्याच्या शर्यतीत, कुठल्याच वयोगटात तोवर सोनं घेतलेलं नव्हतं. थाळीफेकीत ज्युनिअरला सीमा अंतिलचं 2002 चं आणि नवजीत कौर धिल्लनचं 2014 चं ब्राँझ, भाल्यात नीरजचं सोनं, सगळं फेकण्यातलं. मिल्खा सिंग आणि पी. टी. उषा यांचं ऑलिंपिकमधलं चौथं स्थान आपल्या घराघरात इतक्या वेळा सांगितलं गेलंय की फायनल सुरू व्हायच्या आधी माझ्या पोटात गोळाच आला होता.

बंदूक झाली. पहिल्या 200 ला मला हिमा काही पुढे वाटली नाही. वळणावरून त्या आमच्या अगदी समोर आल्या तेव्हा रुमानियाची आंद्रेआ मिक्लोश स्पष्ट पुढे आणि हिमा मागे, पदकाच्या बाहेरच म्हणा ना. मुलगी म्हणाली, "आई, गेली का गं?" आणि मी तिला उत्तर देईपर्यंत ते घडायला लागलं, बाकीच्या एकेक करून जड होत चालल्या आणि ही तशीच, हात तसेच, डोकं तसंच, एकीला मागे टाकलं, दुसरीला, मग मिक्लोश. टीव्हीवर नंतर वीस वेळा बघितलं, पण टीव्हीत पावलांचा आवाज येत नाही. तिथे बसून तो येतो, स्पाइक्सचा म्हणजे खिळ्यांच्या बुटांचा, आणि कोणाचा लयीत आहे आणि कोणाचा तुटतोय ते कानाला कळतं. 51.46. मिक्लोश 52.07, अमेरिकेची टेलर मॅन्सन 52.28. सहा दशांश सेकंदाचं अंतर, जे 80-100 मीटर आधी उलट्या बाजूला होतं.

मी रडले. नवरा उभा राहून ओरडत होता, मटारच्या शेंगा सगळ्या पायाखाली. शेजारचे आजोबा, जे वहीत पेन्सिलीने प्रत्येक रेसची वेळ लिहीत होते, त्यांनी वही बाजूला ठेवून आमच्या तिघांशी हात मिळवला, इंग्लिश फारसं नव्हतं त्यांना, नुसतं "इंतिया, इंतिया" म्हणत होते. हिमाने तिरंगा घेतला आणि गळ्यात आसामचा गामोसा, तिकडचं पारंपरिक कापड. नंतर पदक देताना राष्ट्रगीत लागलं, तिच्या डोळ्यांतून पाणी, आणि त्या फिनिश गर्दीत जेमतेम काही भारतीय असतील, जिथे होतो तिथे उभं राहून म्हणत होतो. साताऱ्याला बाबांना फोन लावला, तिकडे रात्र झाली होती, त्यांना आधी वाटलं कोणाला काहीतरी झालं, मी इतकी रडत होते.

हे एकच कारण असतं तरी मी जा म्हटलं असतं. पण ज्यांची नावं तेव्हा ओळखीची नव्हती त्यांची यादी आता बघा. शनिवारी आम्ही मुद्दाम उठून पोल व्हॉल्टच्या, म्हणजे बांबू उडीच्या, बाजूला जाऊन बसलो, एक स्वीडनचा बारीक पोरगा 5.82 मीटर गेला, तो आर्मंड डुप्लांटिस. पुढच्याच महिन्यात बर्लिनला त्याने मोठ्यांच्या युरोपियनमध्ये 6.05 मारली आणि आता विश्वविक्रमाचं नाव काढलं की तोच. नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन तिथे 1500 ला दुसरा आणि 5000 ला तिसरा, दोन्हीकडे केनियाच्या पोरांनी हरवला, आणि पुढे दोन ऑलिंपिकमध्ये सोनं. 5000 जिंकणारी केनियाची बीट्रिस चेबेट, तिने पॅरिसला 5000 आणि 10000 दोन्ही घेतल्या. ब्राझीलचा अ‍ॅलिसन दोस सांतोस 400 हर्डल्सला तिसरा होता, चार वर्षांनी वर्ल्ड चॅम्पियन. लांब उडीत ब्राँझ घेतलेली टारा डेव्हिस पॅरिसची ऑलिंपिक चॅम्पियन. तिहेरी उडी जिंकलेला जॉर्डन दियाझही तसाच, तेव्हा क्युबाचा, नंतर स्पेनचा. जमैकाची ब्रियाना विल्यम्स तर फक्त सोळा वर्षांची, 100 आणि 200 दोन्ही जिंकली. आणि इंडोनेशियाचा लालू मुहम्मद झोहरी, आठव्या लेनमधून धावून 100 मीटर 10.18 मध्ये घेऊन गेला, ही रेस आम्ही घरी लाइव्ह बघितली आणि त्यानंतरच नवरा म्हणाला की उद्या ऑफिसमधून लवकर निघतो.

ऑलिंपिकमध्ये या लोकांना बघायला किती पैसे आणि किती लांबून, विचार करा. इथे कठड्याजवळ उभं राहिलं तर धावून आलेला खेळाडू आपल्यासमोर वाकून दम घेत असतो. मुलीने तीन जणांच्या सह्या घेतल्या, त्यातली एक अशा मुलीची जी हीटमध्येच शेवटची आली होती, तिचा चेहरा किती खुलला होता, कारण तिच्याकडे तोवर कोणीच सही मागितली नसावी. सकाळच्या सत्रात तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, सीट बदलत बसता येतं, पोरं कंटाळली तर बाहेर जाऊन येता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक सकाळ नक्की घ्या, संध्याकाळच्या फायनल्सइतकी थरारक नसते पण खेळ समजतो तो तिथेच.

मला खटकलेली गोष्ट म्हणजे आपली माणसं. टाम्पेरेत भारतीय कमी नाहीत, पुण्याचे तर बरेच, आणि बहुतेकांना स्पर्धा आहे हे हिमा जिंकल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. त्याच आठवड्यात रशियातला फुटबॉल वर्ल्ड कप संपत होता, रविवारची फ्रान्स-क्रोएशिया फायनल बघायला सगळे एकत्र जमले, चांगलंच झालं, पण चालत पंधरा मिनिटांवर आपली मुलं देशासाठी धावत होती तिथे कोणी नाही. सगळ्या सत्रांत आवाज द्यायला माणसं लागतात. याच स्पर्धेत 2021 ला नैरोबीत अमित खत्रीने चालण्याच्या शर्यतीत आणि शैली सिंगने लांब उडीत रौप्य घेतलं, मिक्स्ड रिलेला (मुलं-मुली एकत्र धावतात ती) ब्राँझ. 2022 ला कोलंबियात काली शहरात मिक्स्ड रिलेचं रौप्य, सेल्वा प्रभूचं तिहेरी उडीत रौप्य आणि रूपल चौधरीचं 400 ला ब्राँझ. 2024 ला लिमाला आरतीचं 10 किलोमीटर चालण्याचं ब्राँझ. हिमानंतर तिथपर्यंत सोनं नाही आलं, पण पोरं दर वेळी काहीतरी घेऊन येतात.

मार्क द्यायचे तर दहापैकी साडेनऊ. अर्धा गेला तो त्या कॉफीच्या रांगेचा.

तर ताई म्हणून सांगते, जा. 5 ते 9 ऑगस्ट, युजीनचं हेवर्ड फील्ड स्टेडियम, 2014 ची ज्युनिअर वर्ल्डही त्याच जागी झाली होती आणि 2022 ची मोठ्यांची वर्ल्ड चॅम्पियनशिपसुद्धा, म्हणजे तिथल्या लोकांना अ‍ॅथलेटिक्स बघायची सवय आहे. सगळे दिवस जमणार नसतील तर 400 ची फायनल कोणत्या दिवशी आहे ते बघ आणि त्या संध्याकाळचं काढ, सीट शेवटच्या वळणाच्या टोकाला. तिरंगा बॅगेत ठेव, मोठा, कारण कठड्यावरून खाली द्यायची वेळ येऊ शकते. आणि टोप्या विसरू नकोस.