नव्या वकिलाचा काळा कोट: सीताबर्डीतील एक शिलाईचे दुकान

सनद हाती पडली की नव्या वकिलाची पहिली खरेदी कायद्याच्या पुस्तकांची नसते, ती कोट, गाऊन आणि गळ्याला बांधायच्या पांढऱ्या बँडची असते; त्यासाठी सीताबर्डीच्या एका गल्लीतील, प्रामुख्याने वकिलांचेच कपडे शिवणाऱ्या या दुकानाची शिफारस मी काही अटींवर करेन. नागपूरचा मे महिना ध्यानात घेऊन येथील मास्तरांनी जाड कापडाऐवजी हलके कापड सुचवले, अस्तर खांद्यापुरतेच लावले आणि काखेत फाइल धरली तरी आवळणार नाही इतकी बाही सैल ठेवली. उन्हाळ्यात सर्वोच्च व उच्च न्यायालय वगळता काळा कोट सक्तीचा नसतो, आणि गाऊनही या दोन न्यायालयांतच अनिवार्य असतो, हे त्यांनी आपणहून सांगितले. जिल्हा न्यायालयात उमेदवारी करणाऱ्याच्या गळ्यात महागडा गाऊन मारण्याचा मोह त्यांनी टाळला, याचे मला विशेष कौतुक वाटते. सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात उभे राहायचे असल्यास मात्र गाऊन हवाच. शिलाई नेटकी आहे. बटणे ढिली होती आणि दिलेला वायदा पाळला गेला नाही. तयार बँड येथून घेऊ नयेत, पहिल्याच धुण्यात त्यांची टोके वळतात.