काळी पडलेली ज्वारी त्यांनी 'एक नंबर माल' म्हणून उचलली, तेव्हाच कळायला हवं होतं

लिहायची लाज वाटते. मेहुण्याला अजून निम्माच आकडा सांगितलाय. पण 'जैविक बुरशी बनवा, घरबसल्या कमवा' हे प्रशिक्षण मार्केट यार्डाजवळच्या एका हॉलमध्ये गेल्या महिन्यात पुन्हा झालं. नाव नवीन, माणसं तीच. म्हणून लिहितोय.

प्रशिक्षण 5,900. पहिलं पॅकेज 48,000. रॅक 18,500. बुरशी वाढवायला तीन क्विंटल ज्वारी 10,200. दुसरं पॅकेज 2,15,000. त्यांच्याकडून परत आले 14,300. म्हणजे 2,83,300 बुडाले.

बाय-बॅकचा खेळ तुम्हाला सांगायला नको. कल्चर, म्हणजे बुरशीचं विरजण, आमच्याकडून घ्या, शिजवलेल्या ज्वारीवर माल वाढवा, आम्हीच 130 रुपये किलोने उचलू. 2019 मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच योजनेत शेतकरी कसे बुडाले ते मीही पेपरात वाचलं होतं, वाचून हसलोही होतो. इथे कोंबडीच्या जागी बुरशी होती, एवढाच फरक.

आणि बुरशी खोटी नाही हो! सासवडला आमच्या टोमॅटोत मर रोग यायचा, झाडं वाळायची, तेव्हा वडील शेणखतात ट्रायकोडर्मा ही बुरशी मिसळूनच टाकायचे. मुळं खाणाऱ्या हुमणीला मेटारायझियम बुरशी, अळीला बिव्हेरिया बुरशी, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत. त्यामुळे शंकाच आली नाही. शंका वस्तूवर घ्यायची नव्हती, माणसावर घ्यायची होती.

पॅकेजमध्ये मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं आलं. मी विचारलं, कुकर नाही? ज्वारी 121 अंशाला, 15 पौंड दाबावर अर्धा तास तरी शिजायला लागते, नाहीतर आतले जंतू मरत नाहीत. एवढं मी वाचून गेलो होतो. प्रशिक्षण देणारे साहेब म्हणाले, "काका, पातेल्यात वाफवलं तरी चालतं, आमचा स्ट्रेन, म्हणजे बुरशीचा वाण, स्ट्राँग आहे." मी मान डोलावली. काय करणार, 48,000 भरून झाले होते.

आता जे सांगतोय ते आठवलं की रात्री झोप लागत नाही. ट्रायकोडर्मा आधी पांढरी धरते, मग चार-सहा दिवसांत हिरवी होते. माझ्या पहिल्या 110 किलोंपैकी निम्म्याहून जास्त पिशव्यांत काळे ठिपके आले, तळाला चिकट पाणी सुटलं. ही म्हणाली, "अहो, इडलीचं पीठ आंबल्यासारखा वास येतोय." मला वाटलं, माल परत पाठवतील. टेम्पो आला. पोराने पिशव्या वजनकाट्यावर टाकल्या, एकही उघडली नाही, वास घेतला नाही, म्हणाला, "एक नंबर माल, काका." तिसऱ्या दिवशी 14,300 खात्यात.

मी भोसरीच्या कारखान्यात 22 वर्षं इन्स्पेक्शनला होतो. केसाएवढा फरक असला तरी पार्ट बाजूला काढायचो. आणि इथे समोरचा माणूस नासका माल न बघता पूर्ण भावाने घेतोय, आणि मी खूश! त्याच आठवड्यात 'मास्टर युनिट'साठी 2,15,000 आरटीजीएस केले. अकराव्या दिवशी फोन बंद. वाघोलीच्या गोडाऊनला शटर, मालक म्हणे तीन महिन्यांचं भाडं त्यालाही यायचंय.

पुढची कथा सरकारी. पोलीस ठाण्यात म्हणाले, करार केलाय ना, मग दिवाणी मॅटर, कोर्टात जा. सायबरवाल्यांचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः बँकेत जाऊन भरलेत, यात सायबर काय? कृषी खात्याच्या कार्यालयात तर मलाच आरोपी केलं. "तुमच्याकडे परवाना आहे का?" ट्रायकोडर्मा 1968 च्या कीटकनाशक कायद्यात येते, नोंदणीशिवाय बनवून विकता येत नाही. बरोबर आहे साहेब, पण मग त्या हॉलबाहेर एवढा मोठा फ्लेक्स लागला होता तेव्हा तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्याने गेलंच नाही? ग्राहक तक्रारीचं विचारलं तर वकील म्हणाला, समोरचा 'व्यापारी हेतू' म्हणून अडवणार, पोटापाण्यासाठी स्वतः करत होतो हे तुम्ही सिद्ध करा. चार टेबलं, चार झेरॉक्स संच, आणि प्रत्येक ठिकाणी तेच हसू. 'एवढं शिकलेले असून?'

नोंदणी क्रमांक मागा, पहिल्याच भेटीत. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा. ग्रॅमला बुरशीचे किमान 20 लाख जिवंत बीजाणू (बुरशीचं बी) लागतात, ते कोणी मोजले ते विचारा. तुमचा माल ते पुढे कोणाला विकतात, त्या एका दुकानदाराचं नाव तरी सांगा म्हणा. नुसती शेतात टाकायला बुरशी हवी असेल तर कृषी विद्यापीठात, कृषी विज्ञान केंद्रात मिळते. कल्चरच्या पिशवीवर तारीख नसेल तर हातही लावू नका. पहिला हप्ता वेळेवर आला म्हणून तर मुळीच विश्वास ठेवू नका.

शेडमध्ये दुसऱ्या खेपेची 160 किलो काळी ज्वारी अजून पडून आहे. ही रोज म्हणते, फेकून द्या, घरभर वास येतो. पंचनाम्याला लागेल म्हणून ठेवलीय. चार महिने झाले, पंच काही आले नाहीत.