बस्तरची चापडा चटणी

छत्तीसगडमधील बस्तरच्या जगदलपूर शहरातील आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात मिळणारी चापडा, म्हणजे लाल मुंग्या व त्यांची अंडी मीठ, मिरची घालून वाटलेली चटणी, नावानेच दचकवते. जिभेवर मात्र मुंग्यांमधील फॉर्मिक आम्लाचा आंबटपणा लिंबाहूनही तीक्ष्ण आणि सुखद वाटतो. आमच्या द्रोणात मीठ अंमळ जास्त होते. सालवृक्षाच्या किंवा आंब्याच्या पानांची मुंग्यांची घरटी उतरवताना झाड तोडावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु मुंग्या टिकाव्यात म्हणून काही घरटी मागे ठेवली होती का, हे विक्रेत्या बाईंना अवश्य विचारावे. ओडिशातील सिमिलिपालच्या काई चटणीला, म्हणजे लाल मुंग्यांच्याच चटणीला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चापडा त्याच तोडीची आहे. जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात फिरायला जाणाऱ्यांनी ती भाताबरोबर जरूर खावी. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र टाळावी, कारण त्यांना मुंग्यांचाही तसाच त्रास होऊ शकतो.