चिमणी घेताय? पाइपवाली, बिनपाइपची की नुसता एक्झॉस्ट फॅन

चिमणी घ्यायची ठरली की सगळे पहिल्यांदा विचारतात कुठल्या कंपनीची घेऊ आणि मग विचारतात सक्शन, म्हणजे हवा ओढण्याची ताकद, किती पाहिजे. मीही पहिल्या वेळी तेच केलं होतं. आता दोन घरं आणि दोन चिमण्या वापरून झाल्यात, त्यामुळे कोणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते की ओट्यावरची हवा बाहेर नेणार कुठून? भिंतीला भोक कुठे पडणार, पाइप किती लांब जाणार, वाटेत वळणं किती येणार. हे ठरलं की निम्मी निवड तिथेच होते, आणि हे न ठरवता कितीही भारी मशीन आणलं तरी ते नुसतं घोंघावत बसतं.

तर पर्याय मुख्यतः तीन. पाइपने हवा बाहेर टाकणारी चिमणी, पाइप नसलेली म्हणजे डक्टलेस, आणि भिंतीतला किंवा खिडकीतला साधा एक्झॉस्ट फॅन.

पाइपवाली आणि डक्टलेस

दुकानात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या असतात, दिसायलाही सारख्याच, त्यामुळे वाटतं की पाइप लावायचा की नाही एवढाच फरक असेल. पण काम पूर्ण वेगळं आहे. पाइपवाली चिमणी धूर, वाफ, उष्णता, वास सगळं उचलून घराबाहेर टाकते. डक्टलेस चिमणी तीच हवा ओढते, जाळीत तेल अडवते, कोळशाच्या म्हणजे चारकोल फिल्टरमधून वास थोडा कमी करते आणि हवा परत तुमच्याच स्वयंपाकघरात सोडते. म्हणजे वाफ घरातच, गरमी घरातच, आणि गॅस जळताना जे नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतं तेही घरातच. कार्बन मोनॉक्साइड तर चारकोल अडवतच नाही.

वाफेचं लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगते. १ किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि हे नुसत्या ज्योतीतून, भांड्यात उकळणारं पाणी वेगळंच. डक्टलेसमध्ये हे सगळं घरात राहतं आणि कपाटांच्या आतल्या बाजूला, खिडकीच्या काचेवर, छताच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. म्हणून गॅसची शेगडी असेल तर डक्टलेस मी कोणालाच आपणहून सुचवत नाही. इंडक्शनवर स्वयंपाक होत असेल, तळण फार नसेल आणि भिंतीला भोक पाडायची खरंच सोय नसेल, भाड्याचं घर असेल किंवा ओटा बाहेरच्या भिंतीपासून खूप लांब असेल, तर डक्टलेस चालेल. फक्त तो चारकोल फिल्टर वापराप्रमाणे ३ ते ६ महिन्यांनी बदलायचा असतो आणि बहुतेक प्रकार धुऊन पुन्हा वापरता येत नाहीत, तो खर्च पहिल्याच दिवशी हिशोबात धरा. फिल्टर भरून गेला की ती चिमणी म्हणजे नुसता आवाज करणारा दिवा. पाइप न लावता चारकोल फिल्टर टाकून वापरता येणारी मॉडेलंही मिळतात, पुढे मोठ्या दुरुस्तीत पाइप टाकायचा विचार असेल तर तशी घ्या.

एक्झॉस्ट फॅनला कमी लेखू नका

चिमणी नसेल तर काहीच नाही असं लोक धरून चालतात, ते बरोबर नाही. भिंतीतला एक चांगला एक्झॉस्ट फॅन हवा थेट बाहेर टाकतो, मधे पाइपचा अडथळा नसतो, आणि गॅसच्या स्वयंपाकघरात तो माझ्या मते डक्टलेस चिमणीपेक्षा जास्त उपयोगी आहे. त्याची अडचण अशी की तो धूर शेगडीवर पकडत नाही, धूर आधी खोलीभर पसरतो आणि मग हळूहळू बाहेर जातो, त्यामुळे तेलाचे कण वाटेत भिंतीवर, डब्यांवर चिकटून बसतात. फॅन शेगडीच्या वरच्या अंगाला, जवळ असेल तर फरक पडतो, समोरच्या भिंतीला असेल तर सगळा धूर तुमच्या तोंडावरून जातो. रोजचा स्वयंपाक साधा, उकडणं-शिजवणं जास्त, खिडकी मोठी, तर फॅनवर भागेल. रोज मोठ्या आचेवर परतणं आणि तळणं होत असेल तर नाही भागणार.

तळणाचं हे फक्त भिंती काळ्या होतात म्हणून नाही. जास्त तापमानाला तळताना निघणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये २ए गटात टाकलंय, म्हणजे माणसात बहुधा कर्करोग करू शकेल असा गट. घाबरवायला सांगत नाहीये, पण ओट्याशी रोज दोन-तीन तास जो माणूस उभा असतो त्याच्या फुप्फुसांचा हा प्रश्न आहे, आणि घरात बाकी वस्तू घेताना जेवढी चर्चा होते तेवढी याचीही व्हावी असं मला मनापासून वाटतं.

पाइप, जिथे माझं चुकलं

आमच्या पहिल्या घरात भिंतीला आधीच ४ इंची भोक होतं. चिमणीचं तोंड ६ इंची. बसवायला आलेला माणूस म्हणाला रिड्यूसर, म्हणजे मोठा पाइप बारीक करणारा जोड, लावून टाकतो, काही फरक पडत नाही, आणि मी हो म्हटलं कारण नवीन भोक पाडायची धूळ नको होती. वर दोन वळणं आणि सगळा पाइप तो चुण्यांचा ॲल्युमिनियमचा. दोन वर्षं आम्ही मशीनलाच दोष देत राहिलो, की आवाज केवढा करते आणि धूर तर तसाच. मग गणित करून पाहिलं तेव्हा कळलं. १५० मिलिमीटर पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस सेंटिमीटर, १०० मिलिमीटरचं ७९ म्हणजे निम्म्याहूनही कमी! तेवढ्या फटीतून तीच हवा ढकलायची तर मोटर ओरडणारच. शेवटी नवीन भोक पाडून गुळगुळीत ६ इंची पाइप आणि एकच वळण केलं, मशीन तेच, आणि तिसऱ्या स्पीडला जे होत नव्हतं ते पहिल्या स्पीडला व्हायला लागलं.

म्हणून पाइप चिमणीच्या तोंडाएवढाच ठेवा, बारीक करू नका. वळणं कमीत कमी, आणि दोन वळणं एकाला एक लागून नकोत. चुण्यांचा पाइप वापरावाच लागला तर पूर्ण ताणून लावा, ढिला सोडला तर प्रत्येक चुणी हवा अडवते आणि तिथे तेल साठतं ते वेगळंच. बाहेरच्या तोंडाला झडप किंवा झाकण हवं, नाहीतर वाऱ्याने धूर उलटा येतो आणि पक्षी घरटं करतात. बिल्डिंगच्या शाफ्टमध्ये पाइप सोडणार असाल तर आधी विचारून घ्या, कारण काही शाफ्टमधून खालच्याचा धूर वरच्याच्या घरात जातो.

सक्शनचा आकडा

खोक्यावर मोठ्ठा आकडा असतो, घनमीटर प्रतितास. काही ठिकाणी सीएफएम म्हणजे घनफूट प्रतिमिनिट लिहितात, १ सीएफएम म्हणजे साधारण १.७ घनमीटर प्रतितास, तुलना करताना दोन्ही एकाच मापात आणा नाहीतर फसगत होते. सोपा हिशोब असा की खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणायची आणि तासाला हवा १० ते १५ वेळा बदलेल असं धरायचं. ३ बाय २.५ चं स्वयंपाकघर, उंची २.८, म्हणजे २१ घनमीटर, म्हणजे २१० ते ३१५ झाले. पाइपमध्ये वाया जाणारी ताकद आणि तळणासाठी थोडं जास्तीचं धरून ४५०-५०० असली तरी पुरते. मग हजार-बाराशेचा आकडा कशाला? तर एक म्हणजे तो आकडा बऱ्याचदा पाइप न जोडता, सगळ्यात वरच्या स्पीडला मोजलेला असतो, घरात तेवढा कधीच मिळत नाही. दुसरं म्हणजे मोठ्या ताकदीची चिमणी पहिल्या स्पीडवर शांतपणे चालवता येते, हा फायदा मात्र खरा आहे. ओपन किचन असेल तर हॉलचाही भाग हिशोबात धरा, तिथे मोठा आकडा घेण्यात अर्थ आहे.

पण जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला हवी हे कोणीच सांगत नाही. ६०० ने ओढणारी चिमणी त्या २१ घनमीटरच्या खोलीतली सगळी हवा साधारण दोन मिनिटांत बाहेर काढते, आणि खिडक्या-दारं घट्ट बंद असतील तर ती काढणार काय? लांबची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. शेगडीशेजारची खिडकी नको, तिचा वारा धूर चिमणीखालून पळवतो, डोक्यावरचा पंखाही तेच करतो. आणि हे नीट वाचा: घरात धुराड्यातून धूर बाहेर टाकणारा गॅस गिझर असेल तर बंद घरात चिमणी चालू केल्यावर त्याचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो ज्याला ना वास ना रंग. असा गिझर असेल तर आधी गिझरवाल्याकडून तपासून घ्या, मगच चिमणी लावा.

जाळी, बॅफल की फिल्टरलेस

ॲल्युमिनियमची पातळ जाळी तेल छान अडवते पण लवकर तुंबते, तळण असलं तर दोन आठवड्यांत धुवावी लागते, आणि धुण्याच्या सोड्यात टाकली की काळपट पडते, कामाला काही होत नाही पण डोळ्याला बरं दिसत नाही. बॅफल म्हणजे स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या, हवा वळण घेते आणि तेलाचे थेंब पट्टीला आपटून खाली गळतात, तुंबत नाही, महिन्याकाठी गरम पाण्यात साबणाने धुतली की झालं. जास्त तेलाच्या स्वयंपाकाला माझं मत डोळे झाकून बॅफलला. फिल्टरलेसमध्ये फिल्टरच नसतो, पंखाच फिरून तेल बाजूला फेकतो, हवेला अडथळा कमी, पण सगळं तेल आतल्या पंख्याला आणि डब्याला लागतं, त्यामुळे त्याला ऑटोक्लीन असणं जवळजवळ आवश्यकच.

ऑटोक्लीनबद्दल गैरसमज फार. आत एक हीटर असतो, तो चिकट तेल वितळवतो, ते ऑइल कलेक्टरमध्ये म्हणजे तेल साठायच्या डबीत येतं, काहींमध्ये पाण्याचा फवाराही असतो. एवढंच. बाहेरचा पत्रा, काच, फिल्टर तुम्हालाच पुसायचे आणि तो कलेक्टर आठवणीने ओतायचा. शिवाय महिनोन् महिने न वापरता एकदम दाबलं तर वाळून घट्ट झालेलं तेल निघत नाही, नियमित वापरलं तरच उपयोग.

आकार, उंची, आवाज

रुंदी शेगडीएवढी तरी हवीच, थोडी जास्त असेल तर उत्तम. दोन बर्नरला ६० सेंटिमीटर, तीन-चारला ९०. उंची गॅसवर साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर, इंडक्शनवर थोडी कमी चालते, नेमकं माप त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलंच पाळा. फार वर लावली की धूर बाजूने निसटतो.

तिरक्या काचेच्या चिमण्या दिसायला सुंदर, उंच माणसाचं डोकं आपटत नाही, पण त्यांना खाली पोकळी नसते. एकदम धुराचा लोट आला की तो धरून ठेवायला जागा नाही, पुढच्या बर्नरचा धूर तर सरळ निसटतो. पिरॅमिडसारखी किंवा डब्यासारखी, खालून पोकळ असलेली चिमणी तो लोट छत्रीसारखा धरते आणि मग सावकाश ओढते. दिसण्यासाठी तिरकी घ्यायची असेल तर घ्या, पण मग जास्त धुराचं काम मागच्या बर्नरवर करा, तसंही कुठल्याही चिमणीत मागच्या बर्नरचा धूर जास्त चांगला पकडला जातो. ओटा खोलीच्या मधोमध असेल तर बाजूला भिंत नसते, तिथे शेगडीपेक्षा बरीच रुंद आणि जास्त ताकदीची चिमणी लागते.

आवाजाचा आकडा बघताना कमी स्पीडचा आणि जास्त स्पीडचा दोन्ही विचारा. १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं, म्हणजे ५५ आणि ६५ हा फरक कागदावर छोटा दिसतो तेवढा नाही. आणि चिमणी चालू असताना बोलता येत नसेल तर घरातले ती बंद करून टाकतात, मग बाकी सगळ्या गुणांचा काय उपयोग. बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेली डीसी मोटर साधारणपणे शांत आणि विजेला हलकी, परवडत असेल तर तिला प्राधान्य द्या. टच पॅनल, हात हलवून चालू होणं, याच्यावर मी निर्णय घेतला नसता, तेलकट हातांनी साधं बटणच बरं पडतं.

थोडक्यात कोणी काय घ्यावं ते माझ्या मते असं: गॅस, रोज तळण-परतणं आणि बाहेरची भिंत जवळ, तर पाइपवाली, बॅफल, खालून पोकळ. गॅस आहे पण पाइप जमतच नाही, तर शेगडीजवळ एक्झॉस्ट फॅन आणि उघडी खिडकी. इंडक्शन आणि भोक पाडता येत नाही, तर डक्टलेस.

बसवून झाली की कागदाचा तुकडा फिल्टरला चिकटवून दाखवतात, त्याने काही कळत नाही, कारण चिकटतो तिथे सगळ्याच चिमण्या ओढतात. त्या माणसासमोर पुढच्या बर्नरवर पातेल्यात पाणी उकळा, दिवे बंद करून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पहिल्या-दुसऱ्या स्पीडला वाफ कुठून निसटते ते बघा. निसटत असेल तर तो असतानाच उंची आणि पाइप तपासून घ्या, तो गेल्यावर पुन्हा भिंतीला हात लावायला कोणी लवकर येत नाही.