रोजच्या रपेटीसाठी हातमोजे: चामडी, सिंथेटिक की सुती?

हातमोजे निवडताना आधी आपला लगाम बघा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून घोडा आणला असेल आणि साजही स्वस्तातला घेतला असेल, तर लगाम नायलॉनच्या पट्टीचा किंवा दोरीचा असण्याची शक्यता मोठी. नायलॉन घाम शोषत नाही आणि त्याच्या कडा कडक असतात. घोड्याने एकदम मान खाली ओढली की पट्टी मुठीतून सरकते आणि कातडी भाजल्यासारखी सोलते. चामड्याचा लगाम वापराने मऊ होतो, त्याला बोटं सरावतात. त्यामुळे नायलॉनच्या लगामाला जे हातमोजे टिकतील ते चामड्याच्या लगामाला टिकतातच, पण उलट होईलच असं नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे लगाम हातात कुठून जातो. करंगळी आणि अनामिका यांच्यामधून तो मुठीत येतो आणि वर तर्जनीवरून, अंगठ्याच्या दाबाखालून बाहेर पडतो. झीज होते ती याच दोन ठिकाणी. चांगल्या रायडिंगच्या हातमोज्यांना तिथे दुहेरी थर लावलेला असतो. तो नसेल तर तळवा कितीही भारी असो, करंगळीच्या बेचक्यातली शिवण सगळ्यात आधी उसवणार. मी तर किमतीच्या चिठ्ठीआधी हीच जागा उलगडून बघतो.

आता प्रकारांकडे येऊ. चामड्यात मेंढीचं, बकरीचं आणि गाईचं असे तीन पर्याय समोर येतात. मेंढीचं चामडं लोण्यासारखं मऊ. लगामाची बारीकशी हालचालही बोटांना कळते. पण नायलॉनवर रोज घासलं तर ते लवकर विरतं. गाईचं जाड आणि दणकट, मात्र मूठ वळायला जड जातं आणि घोड्याच्या तोंडाशी असलेला हाताचा संबंध बोथट होतो. जो घोडा तोंडाला हलका आहे, म्हणजे लगामाच्या जराशा ओढीलाही ऐकतो, त्याच्यावर असे जाड हातमोजे घालून बसलं की आपण नकळत जास्त ओढतो, आणि त्याचा त्रास घोड्याला होतो. बकरीचं चामडं या दोघांच्या मधलं: पातळ असूनही चिवट. चामडंच घ्यायचं ठरवलं असेल तर मी बकरीचं घ्या म्हणेन.

चामड्याचा मोठा गुण म्हणजे ते हाताच्या आकारात बसतं, आणि शिवण उसवली तर गावातला चप्पल शिवणारा कारागीरही ती परत घालून देतो. अवगुण घामाचा. घामातलं मीठ चामड्यात मुरलं की वाळल्यावर ते खडखडीत होतं. वापरून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं, बोटं सरळ करून सावलीत वाळवायचं, अधूनमधून चामड्याचं क्रीम अगदी थोडं लावायचं, एवढं केलं तर ते वर्षानुवर्षं साथ देतं. पत्र्यावर किंवा गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवलं तर एका उन्हाळ्यात चिरतं. तेल चोपडू नका, लगाम हातातून निसटतो. गडद रंगाचं स्वस्त चामडं घामाने रंगही सोडतं. घरी आल्यावर तळहात काळे दिसतात.

सिंथेटिक तळव्याच्या हातमोज्यांची पकड कोरड्या हवेत चांगल्या चामड्याच्या जवळ जाते आणि पावसात गुळगुळीत चामड्यापेक्षा सरस ठरते. ते धुता येतात, ही आपल्याकडच्या उन्हाळ्यात फार मोठी सोय आहे. परभणी-नांदेड भागात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पहाटे पाचला निघालं तरी परत येईपर्यंत हात चिंब होतात. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात साबणाने धुऊन दोरीवर सावलीत टाकता येणारी वस्तू अशा वेळी वापरात राहते. उणीव अशी की यातल्या पॉलियुरेथेनचा थर असलेल्या मालाला उष्णता आणि दमटपणा सोसत नाही. काही काळाने त्याचे पापुद्रे सुटतात, आणि मग त्याला कोणी दुरुस्त करू शकत नाही. तळवा वरून चकचकीत, प्लॅस्टिकसारखा दिसत असेल तर सोडून द्या. साबरासारखा मऊ, लवदार पोत असलेला घ्या.

पाठीला जाळी किंवा विणलेलं सूत आणि तळव्याला बकरीचं चामडं किंवा सिंथेटिक, असा एक मिश्र प्रकार मिळतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मला हाच सगळ्यात पटतो, कारण हाताच्या पाठीवरचा घाम वाऱ्याने वाळत राहतो. एकच काळजी: पावसाळ्यानंतर माळावर गवत पिकलं की कुसळं त्या विणीत रुततात आणि आतून टोचतात. त्या दिवसांत बारीक, घट्ट विणीची पाठ असलेले बरे. मनगटाच्या वेल्क्रोतही कुसळं आणि घोड्याचे केस भरतात. जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढले की तो परत धरू लागतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पांढरे, ठिपक्यांचे सुती हातमोजे अगदी स्वस्त असतात. नुकतंच बसायला शिकणाऱ्या मुलासाठी, हाताला फोड येऊ नयेत म्हणून, ते चालतात. नायलॉनच्या लगामावर मात्र ठिपके झिजतात आणि बोटांच्या बेचक्यात भोक पडतं. तरीही सुताला कमी लेखू नका. भिजलेल्या चामड्याच्या लगामावर विणलेलं सूत गुळगुळीत चामड्यापेक्षा चांगलं धरतं. इंग्लंडमध्ये शिकारीला जाणारे घोडेस्वार पावसासाठी सुती हातमोज्यांची जादा जोडी खोगिराखाली खोचून नेत, ते याच कारणाने.

मोटारसायकलचे हातमोजे घेऊ नका. ते हँडलची जाड मूठ धरण्यासाठी असतात. लगामाची पातळ पट्टी त्यांत जाणवतच नाही. जिममधल्या अर्ध्या बोटांच्या हातमोज्यांत तर नेमकी लगाम सरकतो तीच बोटं उघडी राहतात.

मापाबद्दल चुकू नका. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळव्याभोवती शिलाईची टेप फिरवा. जितके इंच भरतील ते साधारण तुमचं माप, म्हणजे ७, साडेसात, ८ असं. दोन मापांच्या मध्ये आलात तर चामड्यात लहान घ्या, कारण ते सैलावतं. सिंथेटिकमध्ये मोठं घ्या. दुकानात घालून बघताना कमरेचा पट्टा करंगळी-अनामिकेतून घेऊन मूठ वळा. तळव्यात सुरकुत्या गोळा झाल्या तर त्या जागी फोड येणार. बोटांची टोकं ताणली जात असतील तर पंधरा मिनिटांत मुंग्या येतील.

माझा कौल असा: लगाम नायलॉनचा असेल आणि वर्षभर एकच जोडी वापरायची असेल, तर जाळीदार पाठीचे, लवदार सिंथेटिक तळव्याचे, बेचक्यात दुहेरी थर असलेले घ्या. लगाम चामड्याचा असेल आणि निगा राखायची हौस असेल, तर बकरीचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधीकधी १० अंशांखाली जातो, पण तेवढ्यासाठी अस्तराचे जाड हातमोजे वेगळे घ्यायची गरज नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं बोटं गार पडतात, दुडकीवर आलं की ऊब येते.

घोडा दोरीने धरून चालवायला किंवा गोल फिरवायला मात्र हे पातळ हातमोजे वापरू नका. तिथे गाईच्या जाड चामड्याचे, कारखान्यात वापरतात तसले हातमोजे हवेत. बिथरलेला घोडा दोरी ओढतो तेव्हा पातळ तळवा एका झटक्यात फाटतो. आणि हातात कोणतेही हातमोजे असोत, दोरीचा वेढा हाताला कधी घेऊ नका. दोरी घड्या घालून मुठीत धरा, म्हणजे वेळ आली तर ती सोडता येते.