शेल्टरमधून देशी कुत्रा आणताय? पिल्लाच्या आधी फाईल बघा

शेल्टरमधल्या कुत्र्याची किंमत नसते. लस आणि नसबंदीच्या खर्चापोटी काही ठिकाणी देणगी घेतात, तेवढीच. तिच्या बदल्यात तुमच्या हातात एक फाईल पडायला हवी, आणि सेवा चांगली की वाईट हे त्या फाईलवरूनच ठरतं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय, वर्ल्ड फॉर ऑल या संस्थेचे दत्तक-मेळावे, पुण्यात रेस्क्यू ही संस्था, ही नावं बहुतेकांना माहीत असतात. शिवाय प्रत्येक शहरात चार-दोन माणसांनी स्वतःच्या खिशातून चालवलेली छोटी शेल्टरं असतात. मोठ्या नावाने किंवा इन्स्टाग्रामवरच्या फोटोंनी काही ठरत नाही. छोट्या पत्र्याच्या शेडमध्येही नोंदी चोख असू शकतात.

आधी एक घोटाळा दूर करू. महापालिकेचं नसबंदी केंद्र म्हणजे शेल्टर नव्हे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरचा कुत्रा नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर सर्वसाधारणपणे जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. ओळख म्हणून त्याच्या कानाला खाच पाडतात. दत्तक जातात ती आई गमावलेली पिल्लं, अपघातातून बरे झालेले कुत्रे, आणि हौस फिटल्यावर सोडून दिलेले लॅब्रेडोर-पामेरियन.

आता फाईल. लसीच्या कार्डावर प्रत्येक डोससमोर कुपीवरून सोललेलं छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. नुसतं पेनाने ‘9 इन 1 दिली’ (म्हणजे अनेक रोगांवरची एकत्रित लस) लिहिलं असेल, तर लस झालीच नाही असं धरून डॉक्टरांकडे जा. ‘एक डोस झालाय, आता काळजी नाही’ हे वाक्यही ऐकायला मिळेल. ते चूक आहे. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे लसीलाच निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी उतरते ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. जंतांचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा.

वय कार्डावर अंदाजाने लिहितात, तेव्हा ओठ वर करून दात बघा. सुईसारखे बारीक दुधाचे दात असतील तर पिल्लू चार महिन्यांच्या आतलं. पुढचे पक्के आणि सुळे अर्धवट आलेले असतील तर साधारण पाच-सहा महिन्यांचं. तोंड उघडलंच आहे तर हिरड्याही बघा, गुलाबी हव्यात. पांढरट असतील तर जंत, गोचीड किंवा दोन्ही. मग कानाच्या आतली घडी आणि पायाच्या बोटांमधली जागा. गोचीड पाठीवर शोधत बसू नका, ती या जागी लपते.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या ‘आजारी कुत्रा गळ्यात मारला’ या. यातल्या बऱ्याच खऱ्या नसतात. गोचीडतापाचे जंतू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे जातात. पार्व्हो या पिल्लांच्या आतड्यांच्या विषाणूजन्य रोगालाही साधारण आठवडा लागतो. म्हणजे शेल्टरमध्ये उड्या मारणारा कुत्रा तुमच्या घरी दहाव्या दिवशी झोपून राहू शकतो, आणि त्यात फसवणूक नसते. चांगलं शेल्टर हे आधीच सांगतं, नव्या पिल्लांना दोन आठवडे वेगळं ठेवतं, मोठ्या कुत्र्याचा रक्ततपासणीचा कागद देतं. वेगळं ठेवायची जागाच नसेल आणि सगळी पिल्लं एका पिंजऱ्यात असतील, तर तिथून पिल्लू नेण्यापेक्षा मोठा कुत्रा न्या.

पार्व्होत उलट्या सुरू होतात, मग घाण वासाचे रक्ताळ जुलाब. अशा वेळी दहीभात भरवत सकाळची वाट बघायची नाही. सलाईन लवकर सुरू झालं तरच पिल्लू हाती लागतं. घरात आधी पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर फिनाईलने फरशी पुसून उपयोग नाही, तो विषाणू फिनाईलला दाद देत नाही आणि महिनोन्‌महिने टिकतो. एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची, मग धुवायची. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

शेल्टरवाले घर बघायला येतात, घरमालकाचं पत्र मागतात, दिवसभर घरी कोण असतं ते विचारतात. ‘कुत्रा देताय की मुलगी?’ असं म्हणून लोक चिडतात. आमच्या मते हाच या सेवेतला सर्वांत चांगला भाग. न विचारता पाच मिनिटांत पिल्लू हातात देणाऱ्याला ते दोन महिन्यांनी कुठे असेल याचं सोयरसुतक नसतं. करारात चार गोष्टी असायला हव्यात: वेळेवर नसबंदी, पिल्लं काढायची नाहीत, कोणाला परस्पर द्यायचा नाही, आणि जमलं नाही तर कुत्रा शेल्टर परत घेईल. चौथं कलम नसेल तर लिहून मागा. सोसायटीची भीती मात्र बाळगू नका. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. महापालिकेचा परवाना काढायचा तो तुम्हीच; त्यासाठी रेबीजच्या लसीची नोंद लागते, म्हणजे परत तेच कार्ड.

पिल्लू की मोठा? मागणी सगळी दोन महिन्यांच्या पिल्लांना, आणि परतही तीच जास्त येतात. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसातून चार वेळा खातं, दर दोन तासांनी शू करतं, दात येताना चपलांपासून वायरींपर्यंत सगळं कुरतडतं. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात दीड-दोन वर्षांचा, नसबंदी झालेला देशी कुत्रा बरा: अंगाने किती भरणार ते कळलेलं असतं, स्वभावही. त्याला शेल्टरबाहेर पट्ट्याने चालवून बघा. जवळून मोटारसायकल गेल्यावर दचकून पुन्हा वास घेत चालू लागला तर शहरात रुळेल. जमिनीला चिकटून बसला आणि उठेचना, तर त्याला तळमजल्याचं शांत घर हवं.

घरी आणल्यावर पहिला आठवडा शेल्टरमध्ये मिळत होतं तेच खायला द्या, बहुधा कोंबडी-भात, बिनमिठाचा, कांदा न घातलेला. महागडं कोरडं खाणं एकदम सुरू केलं की जुलाब होतात. रोज थोडं मिसळत सात दिवसांत बदला. दूध नको. अंघोळही आठवडाभर नको.

कुत्रा पळून जातो तो बहुतेक पहिल्या तीन दिवसांत, आणि दारातून: कुरिअरवाला बेल वाजवतो, दार उघडतं, पायांमधून कुत्रा जिन्यात. नवं घर त्याला अजून आपलं वाटत नसतं, त्यामुळे हाक मारून तो परत येत नाही. घरातही अंगावर हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) ठेवा, बाहेर नेताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना दोरी लावा, कारण घाबरलेला देशी कुत्रा मागे सरकून डोकं आकसतो आणि सैल गळपट्ट्यातून क्षणात निसटतो. गळपट्ट्याखाली दोनच बोटं जायला हवीत. फोन नंबरची पितळी पट्टी शेल्टरच्या फाटकातून निघतानाच लावा, घरी पोचल्यावर नव्हे.